काळा मासा, जळका मासा आणि लोण्याची बेरी

प्रश्न विचारणाऱ्या ताई पुण्याच्या आहेत. त्यांना घरी ब्लॅकन्ड फिश करायचा होता, म्हणजे मसाला लावून तव्यावर काळा भाजलेला मासा. त्यांनी रावस आणला, दुकानातून कॅजुन मसाल्याचं (अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याकडच्या पद्धतीचं) पाकीट आणलं. माशाला नेहमीप्रमाणे हळद, मीठ, लिंबू चोळून अर्धा तास मुरवलं, वरून मसाला थापला आणि नॉनस्टिकवर थोड्या तेलात टाकला. मासा काळा झालाच नाही, राखाडी झाला. मसाला तव्यात राहिला आणि तुकडा उलथन्यावर फुटून आला. पुढच्या वेळी आच वाढवली तर घरभर धूर, सासूबाईंना ठसका, आणि मासा कडू. त्या विचारतात, हॉटेलात तो काळाकुट्ट असूनही कडू लागत नाही, मग माझाच का? आणि हे प्रकरण फ्लॅटमध्ये जमण्यासारखं आहे का?

जमण्यासारखं आहे. मी चौदा वर्षं प्रवासी जहाजांच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात काढली, त्यातली बरीचशी मेक्सिकोच्या आखातात. आता ठाण्यात राहतो, साध्या घरगुती ओट्यावर लोकांना मासे शिकवतो. ब्लॅकन्ड फिश मी दोन्हीकडे केला आहे आणि दोन्हीकडे बिघडवलाही आहे. ताई, तुमच्या मसाल्यात फारसं काही चुकलेलं नाही. चूक आहे ती पाण्यात आणि चरबीत. माशाच्या अंगावर पाणी होतं आणि लोणी नव्हतं.

हे नीट कळायला घरात लोणी कढवताना बघितलेलं आठवा. लोणी आधी वितळतं, मग तडतडतं, कारण त्यातलं पाणी उडत असतं. तडतड थांबली की तळाशी पांढरे कण बसायला लागतात. ते बदामी होतात, मग तपकिरी, आणि त्या वेळी दाराची बेल वाजली तर काळे. हीच बेरी. लहानपणी साखर घालून चाटलेली बेरी ज्यांना आठवते त्यांना ब्लॅकन्ड फिशचं अर्धं गुपित आधीपासून माहीत आहे. बेरी म्हणजे दुधातली प्रथिनं आणि साखर. वितळलेल्या लोण्यात बुडवलेला, मसाला लावलेला मासा भयंकर तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकला की ओट्यावर जे वीस मिनिटांत घडतं ते माशाच्या अंगावर वीस सेकंदांत घडतं. लोण्यातलं पाणी फडफडून जातं, बेरी बसते, तांबूस होते, काळपट होते, आणि मिरचीपूड तिच्यात अडकून तिच्याबरोबर भाजते. खालच्या मांसात पाणी भरपूर असतं, त्यामुळे कवचाच्या आत ते पांढरं आणि रसदार राहतं. थोडक्यात, मासा काळा होत नाही, त्याच्या अंगावरचं लोणी काळं होतं.

म्हणून तेलात हा पदार्थ होत नाही आणि साजूक तुपातही होत नाही. तुपातून बेरी आपण गाळून टाकलेली असते. तूप तव्याची आच छान सोसतं, पण काळं होण्यासारखं त्याच्यात काही उरलेलं नसतं. ‘लोणी जळतं म्हणून तूप घ्या’ हा सल्ला एरवी उत्तम, इथे मात्र उलटा. लोणी जळण्याच्या काठापर्यंत न्यायचं, हाच तर पदार्थ आहे.

आता तो आला कुठून, ते थोडं सांगतो, कारण त्यातून करायची पद्धत कळते. लोकांना वाटतं की ही लुइझियानाच्या कॅजुन लोकांची पिढीजात पाककृती असणार. कॅजुन म्हणजे मूळचे अकेडियन, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेंच भाषक. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं आणि त्यातले बरेच पुढे लुइझियानाच्या दलदलीच्या मुलखात येऊन राहिले. त्यांचं घरचं जेवण म्हणजे एका भांड्यात मंद शिजणारे रस्से: गंबो, एतुफे. मासा काळा करणं त्यांच्या आज्यांनी कधी केलं नाही. तो केला पॉल प्रुडोम या शेफने. हा गडी ओपलूसस गावाजवळचा, १९४० चा जन्म, तेरा भावंडांतला धाकटा. १९७९ मध्ये त्याने पत्नी के हिच्याबरोबर न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये ‘के-पॉल्स लुइझियाना किचन’ उघडलं. त्याला चव हवी होती लाकडाच्या जाळावर भाजलेल्या माशाची, पण स्वयंपाकघरात जाळी नव्हती. मग बिडाचा तवा पांढरा पडेपर्यंत तापवायचा, मासा लोण्यात बुडवायचा आणि दोन-दोन मिनिटांत काढायचा, अशी युक्ती निघाली. ही गोष्ट १९८० च्या आसपासची. म्हणजे हा पदार्थ आपल्याकडच्या पावभाजीपेक्षाही लहान आहे.

त्याने वापरला तो रेडफिश, म्हणजे रेड ड्रम. पदार्थ इतका गाजला की अमेरिकेत ज्याला त्याला रेडफिश हवा झाला आणि आखातातला मासा भराभर उपसला जाऊ लागला. १९८६ मध्ये केंद्र सरकारला तातडीने मासेमारीला आवर घालावा लागला आणि १९८८ मध्ये लुइझियानाने आपल्या पाण्यातली रेडफिशची व्यावसायिक मासेमारीच बंद केली. एका तव्याने एका माशाची ही गत केली. तेव्हापासून तिथेही मांजरमासा, टूना, कोंबडी, जे मिळेल ते ब्लॅकन करतात. म्हणून ‘पण आपल्याकडे तो मासा मिळत नाही’ हे कारण सांगू नका. उलट आपल्याकडे त्याचे सख्खे भाऊबंद मिळतात. रेडफिश ज्या कुळातला, त्याच कुळातले आपले घोळ आणि ढोमा.

घोळीचं मांस घट्ट, पांढरं, जाड पाकळ्यांचं. या पदार्थासाठी माझ्या मते तिच्यासारखा मासा नाही. पण ती महाग, आणि चांगल्या आकाराची रोज मिळत नाही. ढोमा चवीला बरा, पण लहान असतो आणि मांस मऊ, तव्यावर फुटतो. तुमचा रावस अगदी योग्य आहे. जिताडा मिळाला तर सोडू नका. आम्हा रायगडकरांना त्याचं कालवण सोडून दुसरं काही करणं पाप वाटतं, तरी एकदा करून बघा. तांबोशी चालते. सुरमई चालते, पण तिचं मांस लवकर कोरडं पडतं, तेव्हा तिला अर्धा मिनिट कमी. पापलेट यात घालवू नका. त्याचं मांस नाजूक आणि गोडसर, या मसाल्याखाली त्याची चव मरते आणि खिसाही रिकामा होतो. बांगडा तेलकट, त्याची स्वतःची चव जबर, त्याला आपलं तिरफळच बरं. आणि बासा? गोठवलेल्या बाशात पाणी इतकं असतं की तो तव्यावर भाजत नाही, रडतो. स्वस्त आहे म्हणून शिकण्यासाठी आणणार असाल तर तो शिकूच देणार नाही.

कापण्याचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे मासा आडवा कापतात, मधे काट्याचं चक्र राहतं. अशी तुकडी तव्यावर सपाट बसत नाही, काट्याभोवतीचं मांस वरच राहतं आणि तिथे काळं धरत नाही. इथे हवा लांबट, काटा काढलेला, दोन्ही बाजूंनी सपाट तुकडा. बाजारात मी सांगतो, “मावशी, आडव्या तुकड्या नको, मधला काटा काढून दोन्ही बाजू अख्ख्या द्या, आणि कातडी पण काढा.” पहिल्यांदा मावशी म्हणाल्या, “काटा काढून काय पोराला भरवायचाय?” आता मला बघितल्यावरच सुरी वळवतात. घरी आल्यावर त्या लांब बाजूचे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमचे तुकडे करा. जाडी दीड सेंटीमीटर, फार तर दोन. त्याहून जाड असेल तर बाहेर कोळसा होतो आणि आत कच्चा राहतो; मग सुरी आडवी घालून त्याचे दोन पदर करा. शेपटीकडचा पातळ भाग वेगळा ठेवा, त्याचं कालवण होईल.

आता हळद, मीठ, लिंबू. ही आपली सवय हाडात मुरलेली आहे, माझ्याही होती. जहाजावर पहिल्याच महिन्यात मला ब्लॅकनिंगच्या स्टेशनवर उभं केलं, तेव्हा कोणी बघत नाही असं पाहून मी सगळ्या माशांना लिंबू आणि हळद लावून ठेवली. आईने शिकवलेलं, वास मारायला. आंबटाने वरचा पदर पांढरा पडला, मिठाने पाणी सुटलं, आणि तो मासा तव्यावर टाकल्यावर ‘छर्र’ न होता ‘फुस्स’ झालं. ओला मासा आधी स्वतःचं पाणी उकळतो. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि शंभर अंशांत काही भाजत नाही, वाफवतं. शिवाय हळद एवढ्या आचेवर कडू होते. मुख्य शेफने तो ट्रे हातात घेतला, वास घेतला आणि काही न बोलता कर्मचाऱ्यांच्या जेवणाकडे पाठवला. आम्ही गोव्या-कोकणातले सहा जण होतो, आवडीने खाल्ला. पण तो ब्लॅकन्ड फिश नव्हता.

मासा ताजा असेल तर नुसता धुवा. वास असेलच तर मीठ-लिंबू दहा मिनिटं लावा आणि धुऊन टाका. मग पुसा. पुसा म्हणजे खरंच पुसा: जुन्या सुती पंच्यात गुंडाळून हलकेच दाबा, उलटा, पुन्हा दाबा. नंतर ताटात सुटे मांडून झाकण न घालता तासभर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजची हवा कोरडी असते, वरचा पदर चिकटसर कोरडा होतो. बोट लावल्यावर बोट ओलं होता कामा नये. करायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. फ्रीजमधल्या गार माशाला वितळलेलं लोणी लावलं की ते तिथल्या तिथे थिजतं, जाड थर बसतो, मसालाही जाड बसतो, आणि जाड थर बाहेरून जळून आतून कच्चा राहतो. मसाला थापला तरी असाच जाड थर बसतो. तुमच्या दुसऱ्या वेळचा कडूपणा बहुतेक तिथून आला. गोठवलेला मासा असेल तर आदल्या रात्री फ्रीजमध्ये जाळीवर ठेवा, पाणी खाली गळू द्या.

मसाल्याचं पाकीट उलटून मागचं वाचा. बऱ्याच पाकिटांत पहिलं नाव मिठाचं असतं, आणि साखर किंवा स्टार्चही असतो. साखर आधी जळते. घरी करायला पाच मिनिटं लागतात. चार तुकड्यांसाठी काश्मिरी मिरचीचं तिखट सपाट एक मोठा चमचा. ते इथे पॅप्रिकाचं काम करतं, म्हणजे रंग आणि गोडसर चव. लसूण पावडर आणि कांदा पावडर एकेक छोटा चमचा. काळी मिरी पाऊण छोटा चमचा, पांढरी मिरी अर्धा. थाईम आणि ओरेगॅनो अर्धा-अर्धा, हातावर चुरून. मीठ दीड छोटा चमचा, पण लोणी खारं असेल तर एकच. आणि झणझणीतपणासाठी लवंगी किंवा दुसरी कुठली तिखट मिरची अर्धा छोटा चमचा. तिचं काय करायचं ते पुढे सांगतो, आत्ताच मिसळू नका.

तीन प्रकारचा तिखटपणा का, असं वर्गात नेहमी विचारतात. लाल मिरची घशात आणि मागे लागते, काळी मिरी जिभेच्या टोकावर आधी लागते आणि वास देते, पांढरी उशिरा, थोडी मातकट लागते. एकच मिरची तिप्पट घातली तर एकाच जागी भडका उडतो. प्रुडोमच्या पाककृतीत तिन्ही होत्या, आणि मला तरी त्यातलं एकही काढावंसं वाटलं नाही.

थाईम घरात नसेल तर ओवा घ्या, पण चिमूटभर, भाजून कुटून. थाईमचा वास ज्या थायमॉलने येतो तेच ओव्यातही असतं, फक्त ओव्यात ते धसमुसळं आहे. कुंडीत ओव्याची जाड पानं असतील तर ती ओरेगॅनोच्या जागी वाळवून चुरा. नात्याने लांबची असली तरी वास त्याच घराण्यातला. ओली घालू नका. ओली लसूणही नको, ती पावडरीच्या कितीतरी आधी काळी पडून कडू होते. ‘मालवणी मसाला घातला तर?’ हाही हमखास प्रश्न. त्यात धणे आणि बडीशेप असते. ते रश्श्यात शिजायला केलेलं मिश्रण आहे, अशा तव्यावर त्याची करपट वाळू होते. रवा आणि तांदळाचं पीठ तर नकोच. रवा फ्राय आणि हा पदार्थ यांचा बिडाच्या तव्यापलीकडे संबंध नाही.

लोणी शंभर ग्रॅम. अमूलचं पिवळं बटर चालतं, खारट आहे एवढं लक्षात ठेवा. घरचं पांढरं लोणी असेल तर उत्तमच, पण त्यात ताक फार राहिलेलं नसावं. गार पाण्यात दोनदा धुऊन घ्या. मंद आचेवर वितळवा आणि तडतड कमी होऊ लागली की उतरवा. कण अजून पांढरे असतानाच. कढवू नका, पुढचं कढवणं माशाच्या अंगावर व्हायचं आहे. वितळलेल्यातलं पाव वाटीभर बाजूला काढा आणि ती बाजूला ठेवलेली लवंगीची पूड त्यात घाला. ही माझी स्वतःची तडजोड आहे, फ्लॅटसाठी. सासूबाईंना ठसका लागला तो नुसत्या धुराने नाही, धुराबरोबर उडालेल्या तिखटाने. सगळ्यात तिखट मिरची तव्यावर गेलीच नाही तर ठसका निम्म्याने कमी होतो, आणि ती शेवटी लोण्यातून वर ओतली की जिभेला काही फरक पडत नाही. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्या तुकड्यावर ओतायचं नाही, एवढं सोपं.

तवा बिडाचा. त्याला पर्याय म्हणून जाड लोखंडी तवा चालतो, पण पातळ पत्र्याचा नको. मासा टाकताक्षणी तो थंड होतो. बिड उशिरा तापतं आणि तापलेलं सोडत नाही, इथे त्याचाच फायदा आहे. नॉनस्टिक अजिबात नको. हा चवीचा प्रश्न नाही. त्याचा लेप साधारण २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो, त्याचे वायू माणसाला बाधतात आणि घरात पाळलेला पोपट असेल तर त्याचा जीव जाऊ शकतो. आपल्याला त्याच तापमानाच्या आसपास किंवा वर काम करायचं आहे.

तवा कोरडा ठेवा, तेलाचा थेंब नको. मोठ्या बर्नरवर मोठ्या आचेने आठ ते दहा मिनिटं. जहाजावर आमच्याकडे विजेची सपाट लोखंडी पाटी होती, तिथे खरी गंमत कधी दिसलीच नाही. ती दिसली न्यू ऑर्लिन्सला, सुट्टीच्या दिवशी एका छोट्या हॉटेलात, जिथे स्वयंपाकघर समोरच उघडं होतं. तवा आधी काळा, मग त्याच्यावरून धूर निघाला, मग धूर निघायचा थांबला, आणि मधोमध राखेसारखी पांढुरकी छटा आली. तेव्हा त्या बाईने मासा टाकला. मी आ वासून बघत होतो. आमच्या घरी तवा एवढा तापला असता तर आईने पाण्याचा हात मारून तो उतरवला असता.

घरी पांढरा पडेपर्यंत जाऊ नका. तव्यावरचं वर्षानुवर्षांचं तेलाचं कवचही त्याने जळून जातं आणि धूर आवरत नाही. माझ्याकडे तापमान मापायची छोटी पिस्तुलासारखी वस्तू आहे, मी २७० अंशांच्या आसपास थांबतो. ती नसेल तर पाण्याचा थेंब टाका: सुरसुरत उडून गेला तर तवा अजून गार आहे, पाऱ्यासारखा गोळी होऊन पळत सुटला तर जवळ आलात, त्यानंतर आणखी तीन मिनिटं धरा.

आता घाई असते, म्हणून सगळं आधी हाताशी: मसाल्याची ताटली, लोण्याची पसरट वाटी, धातूचं पातळ उलथनं, ताट, आणि तव्यावर बसेल असं झाकण. झाकण माशासाठी नाही. लोण्याने पेट घेतला तर ते वर ठेवायचं आणि गॅस बंद करायचा. पाणी कधीही ओतायचं नाही.

तुकडा लोण्यात दोन्ही बाजूंनी बुडवा, निथळू द्या, ताटलीत धरून वरून मसाला भुरभुरवा. एका तुकड्याला दोन्ही बाजू मिळून साधारण दीड छोटा चमचा. थापू नका. मसाल्यातून माशाचं अंग थोडं दिसलं पाहिजे. लगेच तव्यावर, स्वतःपासून लांबच्या दिशेने आडवा टाका. मसाला लावून ठेवून दिला तर मीठ पाणी काढतं आणि सगळी मेहनत वाया.

पहिल्या सेकंदाला आवाज येतो तो मोठा, जवळजवळ फाटल्यासारखा. दहा सेकंदांत बेरीचा वास येतो, खमंग, ओळखीचा. मग मिरचीचा. तुकड्याच्या कडा खालून वर पांढऱ्या होत चढायला लागतात. हात लावू नका. दाबू नका. सरकवून बघायचा मोह टाळा. पहिलं मिनिटभर तो तव्याला चिकटलेलाच असतो, कवच बसलं की आपण होऊन सुटतो. पांढरी रेघ निम्म्यावर आली, म्हणजे साधारण दोन मिनिटं झाली, की उलथनं तव्याला घासत खाली घाला आणि एकदाच उलटा. आता वर दिसेल तो रंग ओळखा: भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा, गडद तपकिरी, मधे मधे काळा, लोण्याने चमकणारा. हा बरोबर. चमक नसलेला, कोरडा, दगडी कोळशासारखा काळा दिसला तर तवा जास्त तापला किंवा लोणी कमी पडलं. वरून चमचाभर लोणी सोडा. सांभाळून, इथेच ज्वाळा उठू शकते. दुसरी बाजू दीड मिनिट. जाड भागात सुरीचं टोक घालून पाकळ्या सुटतात का बघा. मांसाच्या आतलं तापमान मापायचा थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश हा अमेरिकी सरकारी सल्ला आहे.

एका वेळी दोनच तुकडे. चार टाकले की तवा गारठतो आणि परत तुमचा राखाडी मासा. दोन खेपांच्या मधे चिमट्यात जाड सुती कापडाची घडी धरून तवा पुसून घ्या, मागचा जळका मसाला पुढच्या तुकड्यांना कडू करतो. पुन्हा दोन मिनिटं तापू द्या. जे कंटाळून हे पुसणं टाळतात त्यांची पहिली खेप छान होते आणि पाहुण्यांना दुसरी मिळते.

धुराबद्दल खरं तेच सांगतो: होणारच. चिमणी पूर्ण वेगावर लावा, पण तिच्या जाळ्या आधी धुतलेल्या हव्यात. तेलकट जाळीखाली ज्वाळा उठणं म्हणजे आगीला आमंत्रण. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, बेडरूमचं दार बंद, दोरीवरचे कपडे आत. सगळ्यात उत्तम म्हणजे गच्चीवर कोळशाची शेगडी आणि तिच्यावर बिडाचा तवा. धूर वाऱ्यावर जातो आणि आच घरच्या गॅसपेक्षा सरस. अमेरिकेतल्या माझ्या भाचीने पहिल्याच प्रयत्नात तिथल्या इमारतीचा धुराचा भोंगा वाजवून सगळ्यांना जिन्यात उभं केलं. आता ती अंगणातल्या ग्रिलवर तवा ठेवते. इंडक्शनवर बिड चालतं, पण आच हळूहळू वाढवा. एकदम पूर्ण लावली तर मधला भाग तापतो आणि कडा गार राहतात, आणि काचेलाही ते बरं नाही.

जेवायला बसल्यावरच तवा ठेवा. हा मासा वाट बघत नाही. दहा मिनिटांत कवच ओलं पडतं, आणि डब्यात घातला तर वाफेने मसाल्याचा लगदा होतो. बरोबर गरम भात, लिंबाची फोड आणि ते तिखट लोणी. न्यू ऑर्लिन्सकरांना सांगू नका, पण माझ्या घरी बाजूला सोलकढी असते. नारळाच्या दुधाने मिरीचा भडका छान बसतो. उरलाच तर दुसऱ्या दिवशी पावात कांदा आणि कोबी घालून खा, गरम न करता.

आणि ताई, तवा लगेच नळाखाली धरू नका. तापलेलं बिड गार पाण्याने तडकतं. गार होऊ द्या, मूठभर जाड मिठाने घासा, गरम पाण्याने धुवा, पुसून दोन मिनिटं आचेवर कोरडा करा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर घावन घालणार असाल तर पहिला घावन लालसर निघेल. तो तुम्हीच खा.